पाळकसाहेबांच्या ब्लॉगवरची गर्दी

आमचे हे पाळक आहेत. म्हणजे रविवारी मंचावर उभं राहून साठ-सत्तर माणसांना देवाची वाट दाखवायची आणि उरलेला आठवडा त्याच माणसांची भांडणं सोडवायची. टायरच्या गोदामाला चिकटून आमचं प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या मागे तीन खोल्या, त्याही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मालकीच्या. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कमिटीला विचारावं लागतं. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. लोकांना आरशासमोर बसवते, कानामागे दांडी टोचते का ते बघते, आणि मालकीणबाई आतल्या खोलीत कुणाचा नंबर तपासत असल्या की हळूच फोन काढून ह्यांच्या ब्लॉगचा आकडा बघते. हा आकडा बघायचा रोग आधी ह्यांना लागला, मग मला. पण दोघांचं दुखणं वेगळं होतं.

ब्लॉगचं नाव 'ओंजळभर'. रोज सकाळी चहाच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपर टेकून, हे तिथे एक छोटं मनन लिहितात. मंचावरचा ह्यांचा आवाज असा की गोदामातले हमालसुद्धा थांबून बघतात. पापी माणसा, अशी हाक मारली की समोरच्या बाकावरची म्हातारी दचकून पिशवी सावरते. पण लिहिताना माणूस वेगळाच. शेजाऱ्यांचं लंगडं मांजर, एकटा उरलेला मोजा, कुंडीत आपोआप उगवलेलं कसलंतरी रोप, अशा गोष्टी लिहितालिहिता शेवटच्या चार ओळींत देवाच्या दयेपर्यंत पोचतात. ओरडत नाहीत, बोट रोखत नाहीत. मी ज्या माणसाशी लग्न केलं तो मला अलीकडे ब्लॉगवरच जास्त भेटायचा, हे खरं सांगते.

वाचणारे दहा-बारा. कधी नऊ.

"अकरा," हे लॅपटॉप बंद करत म्हणायचे. "त्यातला एक मी, एक तू. एक ते कमिटीचे खजिनदार, ते चुका काढायला वाचतात. बाकीचे आठ रस्ता चुकून आलेले."

"असेनात का आठ. आठ जीव आहेत ना?"

"अगं, जगभर माणसं भरकटतायत आणि मी आठ जणांपुढे मोज्याची गोष्ट सांगतोय!"

मग ते उठून खोलीत फेऱ्या मारायचे. पायाला भिंगरी लागल्यासारखे. आमची खोली फेऱ्या मारण्याइतकी मोठी नाही, त्यामुळे दर चौथ्या पावलाला खुर्चीला धडकायचे आणि खुर्चीवर चिडायचे.

त्या आठांतला एक जीव कोण आहे ते मला ठाऊक होतं आणि सांगायची सोय नव्हती. ती आमची लेक होती.

लेक दुसऱ्या शहरात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. आधी दर रविवारी आमच्या उपासनेत ऑर्गन वाजवायची. दोन वर्षांपूर्वी तिने ऑर्गनचं झाकण बंद केलं, म्हणाली माझा विश्वास उरलेला नाही, मला खोटं वाजवायचं नाही. बापलेकीची जुंपली आणि तेव्हापासून अबोला. माझ्याशी फोनवर बोलते, ह्यांचा विषय निघाला की हवापाण्यावर जाते. पण एकदा अशीच बोलता बोलता फसकन हसली आणि म्हणाली, "आई, ते मांजर खरंच पप्पांच्या चपलेवर झोपतं?"

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

तेव्हा म्हणाली, "मी रोज वाचते. बसमध्ये. देवाच्या चार ओळी येतात तिथे माझा स्टॉप येतो. पप्पांना सांगू नकोस हं. कळलं तर मला उद्देशून लिहायला लागतील."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. म्हणून मी तोंड शिवून बसले. रोज सकाळी आकडा बघायचे आणि मनात म्हणायचे, आली असेल आज, बसली असेल खिडकीशी. आकडा नऊ झाला की माझा जीव टांगणीला. बस चुकली असेल का, बरं नसेल का, रागावली असेल का? दुकानात एकदा या तंद्रीत एका आजोबांना बाईमाणसाची गुलाबी फ्रेम चढवली. त्यांना आवडली, ही गोष्ट वेगळी.

मग वसंत फुलावा तसं तिच्या बोलण्यात काहीतरी सैल झालं. एके दिवशी म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात दोन दिवस यावं म्हणते. बघू. त्यांना आत्ताच सांगू नकोस." मी फोन ठेवला आणि तिच्या खोलीतली मंडळीची गायनाची पुस्तकं, तुटक्या खुर्च्या, जुना माइक असं सगळं अंगणात काढलं. ह्यांनी विचारलं काय चाललंय, तर म्हटलं झुरळं झालीत.

आणि नेमका त्याच सुमारास आमच्या घरात डिजिटल जावई शिरला.

हा खजिनदारांचा जावई. कुठल्याशा कंपनीत जाहिरातींचं काम करतो आणि सगळ्या मंडळीला फुकट सल्ला देतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा, फक्त उंटाऐवजी ऑफिसातल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसलेला. ह्यांनी रविवारी उपासनेनंतर त्याच्यापुढे वाचकांचं रडगाणं गायलं आणि हा गडी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन हजर.

"साहेब, कन्टेन्ट छान आहे," तो म्हणाला, "पण हेडिंगला दम नाही. 'मोजा' हे काय हेडिंग झालं? आकडा टाका. 'देवाची कृपा ओळखण्याच्या सात खुणा.' माणूस थांबतोच. सात बघितले की मोजायला लागतो."

"पण माझ्याकडे सात नाहीत," हे म्हणाले. "एकच आहे."

"सात काढा. आणि फोटो टाका. आणि दिवसातून तीनदा."

हे तीनदा लिहायला लागले. सकाळी कृपेच्या सात खुणा, दुपारी कुटुंब टिकवण्याचे पाच मार्ग, संध्याकाळी चिंता दूर करणारी तीन वचनं. सूर्यास्ताचे फोटो. चहाला वेळ नाही, आजाऱ्याला भेटायला वेळ नाही. फोन हातात, फोन खिशात, फोन उशाशी. शेजारच्या मांजराने चपलेवर पिल्लं घातली तरी ह्यांनी बघितलं नाही. आणि आकडा? अकरावरून चौदा. त्यातले दोघे म्हणे यंत्रच असतात.

लेक फोनवर म्हणाली, "आई, पप्पा बरे आहेत ना? सात खुणा काय? औषधाच्या बाटलीवरची माहिती वाचतेय असं वाटतं."

मी म्हटलं, उतरेल ताप.

मी ह्यांना आडून आडून सांगून बघितलं. म्हटलं, अहो, तुमचं ते साधंच बरं होतं, कुणीतरी त्याचीच वाट बघत असेल. तर म्हणाले, "झाकली मूठ झाकून ठेवायला मी पाळक झालो नाही." शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण लेकीला शब्द दिला होता, आणि आमच्या घरात दिलेल्या शब्दाला किंमत आहे. निदान माझ्या.

शेवटी डिजिटल जावयाने रामबाण काढला. "साहेब, लोकांना उपदेश नको, साक्ष हवी. घरची, खरी. तुमची स्वतःची जखम दाखवा. बघा मग."

साक्ष देणं ही आमच्या लोकांत जुनी रीत. कुणीही उभं राहावं, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगावं, रडावं, सगळ्यांनी आमेन म्हणावं. त्यात वाईट काही नाही. फक्त साक्ष देणाऱ्याने स्वतःची द्यावी, दुसऱ्याची देऊ नये, एवढं एक पथ्य. ते कुठे लिहिलेलं नसल्यामुळे कुणी पाळत नाही.

एका बुधवारी दुकानात मी एका बाईंना दूरचं-जवळचं समजावत होते. त्या आरशात वळल्या तेवढ्यात मी आकडा बघितला. तीनशे. मला वाटलं चष्मा मलाच लागला. थोड्या वेळाने बघितलं तर बाराशे. हेडिंग होतं: 'माझी मुलगी देवाला सोडून गेली.' खाली तिचा फोटो, पाठमोरा, ऑर्गनवर बसलेली.

मी काउंटरखाली बसून तो लेख वाचला. बाई विचारत होत्या, अहो, ही काळी जरा रुंद वाटते का? मी खालूनच हो म्हटलं.

आणि खोटं कशाला बोलू, लेख सुंदर होता. ह्यांनी आजवर लिहिलेल्यात सगळ्यात सुंदर. रिकामी खुर्ची, बंद ऑर्गन, जेवताना तिसरं ताट चुकून मांडणारी मी. त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त एक गोष्ट नव्हती. त्या रविवारी लेक टेबलावर बोलली आणि ह्यांनी हातातला घास ठेवून मंचावरच्या आवाजात सांगितलं होतं, "विश्वास नाही तर माझ्या टेबलावर तरी कशाला बसतेस? जा." ती पाणी पिऊन उठली आणि गेली. लेखात रडणारा बाप होता. ओरडणारा बाप कुठेच नव्हता.

मी घरी पोचले तोवर आकडा नऊ हजारांवर. हे दारातच उभे, डोळे ओले, चेहरा उजळलेला. "बघ," म्हणाले, "बघ देव कसं काम करतो! कुठल्या कुठल्या मंडळ्यांनी पुढे पाठवलाय. तिच्यासाठी प्रार्थना साखळी सुरू केलीय. चोवीस तास कुणी ना कुणी तिचं नाव घेतंय!"

"तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं?"

"मी नाही लिहिलं. पण विचारतायत तर सांगावंच लागतं ना, प्रार्थना कुणासाठी करायची ते."

मी पिशवीसकट खाली बसले. लेकीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. बंद. रात्र कशी काढली ते विचारू नका. सकाळी आकडा कुठे पोचला होता ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि तिचा आवाज शांत झाला की मला भीती वाटते.

"आई, मला सकाळपासून कितीतरी फोन आले. एक बाई होत्या. मी हातात नमुन्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि त्या नाव विचारून थेट प्रार्थनाच करायला लागल्या. मोठ्याने. 'हे देवबापा, या भरकटलेल्या लेकराला...' मला फोन ठेवता येईना, मला लहानपणापासून सवय आहे ना, प्रार्थना चालू असताना हलायचं नाही. ट्रे हातात धरून मी आमेनपर्यंत उभी. सगळी लॅब बघतेय."

"नंबर कुणी दिला त्यांना?"

"आपल्या गायनमंडळाच्या ग्रुपवरनं कुणीतरी. फक्त प्रार्थनेसाठी म्हणून." ती थांबली. "ते जाऊ दे. पप्पांनी लिहिलंय मी सोडून गेले. आई, मी सोडून गेले होते का? मला जा म्हणाले होते. मी तर त्या दिवशी नुसतं खरं सांगितलं होतं."

मी काउंटरवरची एक फ्रेम उघडली, मिटली.

"मी येत नाही पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "आणि ते वाचणंही बंद."

फोन ठेवला. मालकीणबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय, आणि निघाले. घर बसने जावं इतकं लांब आहे, पण बसमध्ये मला बसवलं नसतं. चालत गेले. अंगाचा तिळपापड झाला होता.

हे टेबलावर होते. समोर लॅपटॉप, शेजारी डिजिटल जावई. त्याला मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या सासूबाई वाट बघतायत." त्याने माझा चेहरा बघितला आणि चहाही न संपवता गेला. तेवढी अक्कल त्याला आहे.

"लेख काढा," मी म्हटलं.

"अगं, थांब, हे वाच." ह्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. कुणा एका बापाने खाली लिहिलं होतं की हे वाचून त्याने मुलाला कित्येक वर्षांनी फोन केला, आणि मुलगा बोलला. "हे वाच आणि मग सांग, काढू? एका घरात बापलेक बोलायला लागलेत!"

आणि इथेच माझी पंचाईत झाली, कारण ते खरं होतं. त्या अनोळखी बापासाठी मला बरंही वाटलं.

"त्यांच्या घरात बोलायला लागलेत," मी म्हटलं. "आपल्या घरात ती यायची होती. पुढच्या महिन्यात. आता येत नाही म्हणाली."

"यायची होती? मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगू नको म्हणाली होती. तुम्ही तेही लिहिलं असतं."

मग माझा शब्द मी मोडला. आता तो पाळून कुणाचं भलं होणार होतं? "तुमच्या त्या अकरांत एक ती होती," मी म्हटलं. "रस्ता चुकून आलेली नव्हती. रोज येत होती. अहो, एक मेंढरू आपल्या पायांनी घराकडे येत होतं, आणि तुम्ही हजारांचा कळप गोळा करायला त्याच्याच पाठीवर ढोल बडवलात!"

हे खुर्चीत मागे टेकले. फेऱ्या नाहीत, काही नाही.

"रोज?" म्हणाले.

"रोज. बसमध्ये."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मांजराचंही?"

"मांजराचंही. हसली होती."

हे बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. लॅपटॉप ओढला आणि टाइप करायला लागले. मी मागून बघितलं. हेडिंग: 'माझ्या मुलीची जाहीर क्षमा मागतो.'

माझ्या हातात त्या क्षणी काही नव्हतं हे देवाचे उपकार.

"जाहीर कशाला?"

"चूक जाहीर, तर क्षमा जाहीर. मंडळीत आपण असंच करतो."

"छान. म्हणजे उद्यापासून तिला उपकारस्तुतीचे फोन. ट्रे घेऊन पुन्हा उभी. अहो, तुम्हाला कुणाची क्षमा मागायचीय, त्या नऊ हजारांची की तिची?"

ह्यांचा हात थांबला. एकेक अक्षर मागे जात हेडिंग पुसलं गेलं. मग त्यांनी लेख उघडला. कायमचा काढून टाकायचा का, असा प्रश्न पडद्यावर आला आणि त्यांचं बोट तिथेच अडकलं. मी मदत केली नाही. त्या बोटाला काय वाटत होतं ते मला कळत होतं. आयुष्यभर अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या बाकांपुढे बोललेला माणूस, एकदाच सभागृह भरलं, आणि त्याने स्वतः दिवे मालवायचे. शेवटी मालवले.

पण पिसं उडवून झाल्यावर पिशवीचं तोंड बांधून काय होतं? लेख दहा ठिकाणी चिकटवलेला होता. हे दोन दिवस फोनवर बसले. ज्याला त्याला विनंत्या, काढून टाका, नंबर पुसून टाका. प्रार्थना साखळीच्या बाईंना फोन केला, साखळी थांबवा म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे ह्यांच्यासाठीच प्रार्थना सुरू केली, गर्व नावाच्या भुतापासून या सेवकाला सोडव म्हणून. हे भिंतीला टेकून, डोळे मिटून, आमेनपर्यंत उभे. मी पोळपाट पुसत होते. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

लेकीला त्यांनी फोन केला. उचलला नाही. मग मला म्हणाले, तू सांग ना तिला, माझं चुकलं म्हणून. मी म्हटलं, मी तुमची टपालवाली नाही. तुमचं वाक्य तुम्हीच पोचवा.

ब्लॉगवर लोक यायचे थांबले नव्हते. लेख कुठे गेला, पुढे काय झालं, मुलगी परत आली का, अशी विचारणा चालू. डिजिटल जावयाने रस्त्यात गाठून सांगितलं, "काकू, हीच वेळ आहे, साहेबांना भाग दोन टाकायला सांगा." मी त्याला असं काही म्हटलं की पाळकाच्या बायकोने म्हणू नये.

काही दिवस ह्यांनी लिहिलंच नाही. घरात शांतता होती आणि तीही अंगावर येत होती. मी भांडी एका कपाटातून दुसऱ्यात हलवत होते, हे गायनाची पुस्तकं क्रमाने लावून पुन्हा विस्कटत होते. त्यातच स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. कमिटीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार, म्हणून ह्यांनी स्वतःच नळ खोलला. वॉशर आणून बसवला. नळ आधी थेंब थेंब गळत होता, आता धार लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी लॅपटॉप उघडला. मी पाठ करून उभी राहिले. बघायचंच नाही, असं ठरवलं होतं.

"वाचू का?" ह्यांनी विचारलं.

नळाबद्दल होतं. वॉशर बसवलेला सुटा नळ टेबलावर मांडून फोटो काढला होता. आपण किती ऐटीत पाना फिरवला, शेजाऱ्याला कसं सांगितलं की यात काय मोठंसं, बादली कशी भरली आणि तीत मांजराच्या पिल्लाने तोंड घालून नाक कसं भिजवून घेतलं. हेडिंग नुसतं 'नळ'. लेकीचा उल्लेख नाही, कसलीही खूण नाही. मी शेवटच्या चार ओळींची वाट बघत होते.

"शेवटी देव आलाच नाही," हे म्हणाले. "मी खूप बोलावलं. तसंच टाकू?"

"टाका."

आकडा पहिल्या दिवशी चार हजार. लोक शिव्या देऊन गेले, नळ काय लिहिता म्हणून. मग हे रोज असंच काहीबाही लिहायला लागले. गोदामातला पंखा, दाढीचा साबण, पुन्हा नळ, कारण तो गळतच होता. दोन हजार. आठशे. दोनशे. मी कधी आयुष्यात आकडा उतरताना बघून खूश होईन असं वाटलं नव्हतं. दोघंही टेबलाशी बसून बघायचो. कधी एकदा ही सगळी पाहुणेमंडळी आपापल्या घरी जातायत, असं झालं होतं.

"यात ती असेल का गं?" हे विचारायचे.

"कसं कळणार? आकडा कळतो. माणूस कुठे कळतं?"

आकडा वीस-बावीसवर आला आणि तिथे रेंगाळला. ह्यांना जेवण जाईना. मला काउंटरवर उभं राहवेना. आता सगळे गेले होते आणि तीही त्यांच्यातच निघून गेली असेल, तर ते कळायला काही मार्ग नव्हता. अकरा आणि दहा यांतला फरक इतका मोठा असतो हे मला तेव्हा कळलं.

रविवारी दुपारी, उपासना उरकून आम्ही नुसते बसलो होतो. नळाखाली बादली होती. माझा फोन वाजला. लेकीचा. मी उचलला तर ना हॅलो ना काही.

"आई, पप्पांना सांग, वॉशर उलटा बसवलाय त्यांनी. पहिल्या दिवशीच्या फोटोत स्पष्ट दिसतोय. मी कधीची वाट बघतेय, आज कळेल, उद्या कळेल. इथे एकटी राहून मी तीन नळ बदललेत. त्यांना कळत नाही का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते अर्धवट उठून उभे होते. तिचा आवाज तेवढा मोठा होता.

"तूच सांग," मी तिला म्हटलं, आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

हे मंचावर तासभर कागदाशिवाय बोलणारे. फोन कानाला लावला आणि शब्द नाही. मला वाटलं, ठेवते आता ती. मी ओट्याला धरून उभी होते.

"मी जा म्हणालो होतो," हे म्हणाले. अगदी हळू. "ते मी लिहिलं नाही."

बादलीत पाणी पडत होतं.

"हो," लेक म्हणाली. मला लांबूनही ऐकू आलं. "म्हणाला होतात."

त्यावर ह्यांनी पुढे काही जोडलं नाही. ना खुलासा, ना वचन, ना देव. मी आजवर त्यांना इतकं थोडं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तिकडून आवाज आला, जरा चिडका, तिचा नेहमीचा. "अजून गळतोय?"

"गळतोय."

"मग फोन ठेवू नका. आधी खालचा कॉक बंद करा. सिंकच्या खाली, डाव्या हाताला. वाका."

आणि फोन कानाला धरून हे सिंकखाली वाकले.